पाचशे बैठका

राहुरीच्या तालमीत चाळीस गडी एका दमात बैठका मारायचे आणि आधी थांबेल त्याची टिंगल व्हायची. जालिंदरनं पहिल्याच दिवशी ईर्षेनं पाचशे ठोकल्या. छाती गजभर फुगली, पण दुसऱ्या दिवशी बेलापूरला मुलगी बघायला गेल्यावर मांड्यांनी दगा दिला. मुलीच्या आजीच्या पाया पडायला तो खाली बसला, तो बसलाच. आजीनं सात पिढ्यांना पुरतील एवढे आशीर्वाद दिले, कपातल्या चहावर साय धरली, तरी गडी उठेना. "असा नम्र पोरगा उभ्या जल्मात पाह्यला न्हाई," आजी गहिवरली. मुलगी कबड्डी खेळायची. तिनं दुखणं ओळखलं. "पहिल्या दिवशी पन्नासच मारायच्या, पैलवान," म्हणत तिनं बखोटीला धरून त्याला एका झटक्यात उभं केलं. जालिंदर कळवळत हसला. "मला मुलगी पसंत हाय!" "मलाबी," ती म्हणाली, "पण आधी दारापर्यंत चालून दाखवा."