दोघींचं रक्त

गोवा राज्य झालं त्याच महिन्यात, मे १९८७ मध्ये, पेडण्याच्या रघुनाथचं लग्न झालं. मयेहून आलेल्या नवरीचं नवं नाव अंगठीने ताटातल्या तांदळात लिहिलं गेलं: पद्मावती. पुढे ते कोणी उच्चारलं नाही. सासू तिला 'गो' म्हणे, नवरा 'आयकलंस?'

वर्ष पुरं व्हायच्या आत सासू, लक्ष्मी, वाळून गेली. तिला घेरी येई. दोष सुनेचा, हे ती दारात उभी राहून शेजाऱ्यांना सांगे.

"माका उपाशी मारता ही."

"एकाच टोपातला जेवतव, आये," पद्मावती म्हणे.

"मगे तुझा पोट भरता, माझा कित्याक नाय?"

पद्मावतीही अर्धं ताट सारून उठायची. तिखटाने तिची जीभ सोलवटायची. वाटेत पायातली चप्पल निसटली तरी तिला कळायचं नाही. सासू म्हणे, "नखरे."

रघुनाथ खाणीवर ट्रक चालवायचा. रोजच्या भांडणाला कंटाळून तो दोघींना शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टर म्हणाले, "एका टोपातलं जेवता ना? मग दोघींचं रक्त द्या. नंतर जीवनसत्त्वाची एकेक गोळी घ्या. काही तासांनी पुन्हा रक्त. जिच्या रक्तात ते चढणार नाही, तिचं आतडं ते शोषत नाही. दोघींच्या चढलं, तर मात्र घरचं ताट बघावं लागेल."

"चढला तर हिका मयेक पोचय," सासूने मुलाला तिथेच बजावलं. "परत हाडू नको."

रघुनाथने खिशातून ट्रकची किल्ली काढली. पद्मावतीने ते पाहिलं. खिडकीवर दोन नावं देऊन तो ट्रककडे गेला.

"लक्ष्मी!" आतून हाक आली. बाकावरच्या दोघी एकदमच उठल्या.

"बस गो, माका पाय असत," सासू खेकसली. पण सून तोवर दारात पोचली होती. मग दुसरं नाव पुकारलं. बाकावर उरलेली आत गेली. दुपारीही तसंच झालं.

आठवड्याने कागद आले. पद्मावतीच्या रक्तात जीवनसत्त्व चढलं होतं. लक्ष्मीच्या नाही.

पद्मावती प्रथमच उलटून बोलली. "कळला मां, आये? खोट माझ्या टोपात नाय. तुमच्या आतड्यात असा."

"माझो रोग तरी खरो ठरलो," सासू म्हणाली. "तुझे नखरे खंयच्या कागदार असत?"

लक्ष्मीला त्याच जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू झाली. दर सोमवारी पद्मावतीच तिला दवाखान्यात नेई. पावसाळा सरेपर्यंत म्हातारीचे गाल भरले. पद्मावती पांढरीफटक पडली, पायऱ्या चढताना धापा टाकू लागली. एका सोमवारी तिने डॉक्टरांना विचारलंही. त्यांनी कागद काढून पाहिला.

"तुला काही नाही, बाई. तुझं आतडं उत्तम आहे."

"आयकलंस?" सासू म्हणाली.

डिसेंबरात पद्मावती विहिरीकडे जाताना पडली, ती उठलीच नाही.

पंचायतीत नोंद करताना रघुनाथने नाव सांगितलं, तसा तिच्या बापाने त्याचा हात बाजूला केला आणि शाळेचा दाखला पुढे ठेवला.

"तांदळांतलें नांव तुमचें. हिचें नांव हें."

जन्मापासून ज्या हाकेला ती उठत आली, ते नाव लेखनिकाने वहीत उतरवलं: लक्ष्मी, वय बावीस, मृत्यू ११ डिसेंबर १९८८.