पांढरी नखं

आखातातल्या जुफैरच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचं शेवटचं मिनिट चालू होतं आणि जिंकायला विरोधी संघाला हातभरावरची रेषा ओलांडायची होती. "यल्ला, सब लेफ्ट!" कोच ओरडला. बचावफळी सरकली, ड्रायव्हर सदानंद तेवढा जागचा हलला नाही. चिपळूणला कबड्डीत तो चढाईवाल्याचे डोळे सोडून पायाचा अंगठा बघायचा. आता समोरच्या धिप्पाड गड्याने बोटं जमिनीत रोवली होती, नखं पांढरीफटक. सगळा भार पुढे, म्हणजे हे सरळ इथूनच घुसणार. "मूव्ह, सदा! वरना टीमसे खलास!" धडक बसली. चेंडूवाला सदानंदच्या अंगावर कोसळला, रेषेच्या अलीकडेच. त्यांची एक संधी उरली. धिप्पाड गड्याने स्वतःची नखं पाहिली आणि हातमोजे चढवले. सदानंद वाकला. हातमोज्याखालचं गवत ताठ उभं होतं. भार मागे होता, म्हणजे आता घुसणं नव्हतं. "फेकेगा!" तो ओरडला. कोचकडे न बघता फळी चेंडू अडवायला मागे सरकली.