वहिनींची तीन मिनिटं

नाना माईकसमोर उभे राहिले तेव्हा त्यांच्याकडे छत्तीस मिनिटं होती. तीन त्यांची स्वतःची, बाकीची अकरा शेजाऱ्यांनी दिलेली. सुनावणीचा नियमच तसा होता. दर माणशी तीन मिनिटं. ज्याला बोलायचं नसेल त्याने चिठ्ठीवर सही करून आपली वेळ दुसऱ्याला द्यावी.

त्या अकराच्या अकरा चिठ्ठ्या लाँड्रीवाल्या वहिनींनी जमवल्या होत्या. इस्त्रीचे कपडे पोचवायला त्या घरोघर जातच; गठ्ठ्यावर चिठ्ठी ठेवायची आणि सही झाल्याशिवाय दारातून हलायचं नाही. पहिली सही त्यांची स्वतःची होती. माईक दिसला की वहिनींची बोबडी वळायची. नाना मात्र नगररचना खात्यात तीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेले. सुनावणी घेणाऱ्या साहेबांना साहेबांच्याच भाषेत गप्प करायचं तर ते नानांनीच.

प्रस्ताव असा होता की चार मजल्यांची मर्यादा उठवायची आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चौदा मजल्यांपर्यंत परवानगी द्यायची. वहिनींच्या घराला लागून दक्षिणेकडे मोकळा प्लॉट होता. तिथे चौदा मजले चढले की गच्चीवरचं ऊन गेलं. ऊन गेलं की हॉटेलांच्या चादरी वाळायच्या नाहीत, म्हणजे लाँड्रीला कुलूप.

नानांच्या आधी एक नर्स बोलून गेली होती. इथल्या दवाखान्यात ड्यूटी, आणि इथे घर मिळत नाही म्हणून रोज दोन तास जायला, दोन तास यायला. चार मजल्यांचं कौतुक ज्यांना आधीच घर आहे त्यांना, असं ती शांतपणे म्हणाली. वहिनींनाही ते पटलं, म्हणजे साहेबांनाही पटणार. आता सगळी भिस्त नानांवर.

नाना बोलले मात्र झकास. पाण्याचा दाब, सांडपाण्याच्या जुन्या नळ्या, शाळेसमोरची वाहनांची गर्दी, एकेक मुद्दा त्यांनी सुटा करून मांडला. मग म्हणाले, आमच्या एक भगिनी आहेत, त्यांच्या गच्चीवरचं ऊन हे त्यांचं भांडवल आहे. सगळं सभागृह मागे वळून बघायला लागलं. वहिनी लाजल्या, पण ताठ बसल्या. आपलं इतकं नीट आपल्यालाही सांगता आलं नसतं, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर नानांनी पुठ्ठ्याच्या नळीतून गुंडाळलेला नकाशा काढला आणि फळ्यावर लावला.

विकासाला आमचा विरोध नाही, ते म्हणाले. फक्त मध्यम मार्ग निघावा. रस्त्याच्या मधोमध त्यांनी रेघ मारलेली होती. रेघेच्या अलीकडची घरं हिरवी, तिथे चार मजले कायम. पलीकडची बाजू नारिंगी, तिथे चौदा होऊ द्यावेत. तिकडे बहुतेक गोदामंच आहेत.

वहिनींना आधी वाटलं, नानांनी नकाशा उलटा लावला. मग त्यांनी कोपऱ्यावरचा पेट्रोल पंप शोधला, पंपाशेजारचा मोकळा प्लॉट शोधला आणि त्याला चिकटलेली आपली गच्ची त्यांना सापडली. नारिंगी. कडेने बारीक ब्रशने, रेघेबाहेर थेंबभर रंग न जाऊ देता भरलेली. असं काम एका दिवसात होत नाही. म्हणजे गेल्या आठवड्यात त्या चिठ्ठ्या द्यायला नानांकडे गेल्या, चहा घेतला, "वहिनी, आधी तुमच्या गच्चीचंच मांडतो," हे ऐकून हरखून घरी आल्या, तेव्हा हा नकाशा आतल्या खोलीत वाळत पडलेला होता.

टाळ्या वाजल्या. अकरांपैकी दहाजण हिरव्यात होते. नारिंगीत राहणाऱ्या त्या एकट्याच.

वहिनींनी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदाच केला असेल. साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने यादीवरून बोट फिरवलं.

"यांनी वेळ दिलेली आहे, साहेब. हरकतही नानांच्याच नावावर आहे."

"मग तुमचं म्हणणं आमच्यापर्यंत पोचलं, बाई," साहेब म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. कागदावर तसंच होतं.

दुपारच्या सुट्टीत नाना बाहेर आले तर वहिनी दाराशीच उभ्या. मागोमाग शेजारी आले आणि दोघांना बघून घुटमळले. रागावू नका, नाना हळू आवाजात म्हणाले. सगळं मागितलं असतं तर कोणाच्याच हाती काही लागलं नसतं, नर्सबाईंचं बोलणं तुम्हीही ऐकलंत. त्यांचा चेहरा उतरलेला होता, आणि वहिनींना त्याचाच जास्त संताप आला. केसाने गळा कापायचा आणि वर आपणच दुःखी व्हायचं.

"माझी तीन मिनिटं परत द्या, नाना."

"अहो वहिनी..."

"मला भाषण येत नाही. पण माझं घर त्या बाजूला आहे एवढं सांगता येईल. साहेब अजून आतच बसलेत."

नानांनी आधाराला मागे पाहिलं. शेजारी आपापल्या चपला शोधायला लागले होते.

"कुठून देऊ?" नाना म्हणाले. "ती मी बोलून टाकली."