लक्ष्याची पात

शिट्टी.

“परत ऑफसाइड, लक्ष्या!” श्यामकांतने कपाळावर हात मारला. तो बुकिंग क्लार्क, आणि रेल्वेच्या संघाचा कप्तान.

साल १९६५. डहाणू रोडच्या यार्डामागचं मैदान. समोर वलसाडकडचा संघ. सगळे बुटांत, लक्ष्या एकटा अनवाणी. चिंचेखाली खुर्चीत रेल्वेचा साहेब. गोल मारून दाखव म्हणाला होता लक्ष्याला, रेल्वेत खलाशी म्हणून घेतो, कायमचा मजूर.

रेघेपाशी लक्ष्याची बायको नवशी. तिच्या मांडीवर दोघांचे विळे. घेतलं नाही तर उद्या तलासरीच्या माळावर, गवत कापायला, मुकादमाच्या हाताखाली.

मध्यंतर. श्यामकांतने तीन खडे मांडले.

“हा त्यांचा गोलकीपर. हा बॅक. हा तू. आपल्या माणसाने चेंडू मारला तेव्हा तू बॅकच्या पुढे असलास की मेलास.”

“पुढं नाय गेलो तं गोल कसा मारू, बाबू?”

“चेंडू सुटला की जा ना, बाबा! आधी नको.”

लक्ष्या खड्यांकडे बघत राहिला. मग एकदम हसला.

“म्हंजे पातीसारखा.”

“कसली पात?”

“गवताची. कापताना सगले एका रेघंत. पुढं गेला तं मुकादम शिवी देतो. मागं ऱ्हायला तं लाथ.”

“हां हां, तसंच समज.”

शिट्टी.

लक्ष्या बॅकच्या खांद्याला खांदा लावून उभा. बॅक सरकला की तो सरकला. बॅक थांबला की तो थांबला. पात मोडली नाही.

“अल्या, चोंटी गयो के शुं?” बॅक वैतागला. चिकटलास की काय.

सामना संपत आलेला. श्यामकांतने चेंडू उंच मारला. सुटला. आता लक्ष्या धावला. गोलकीपर पडला. चेंडू खांबांमधून गेला, मागच्या गवताच्या गासड्यांवर आपटला, तिथेच राहिला.

नवशी उठून उभी राहिली.

शिट्टी.

श्यामकांत पंचाशी भांडून परत आला. आवाज बसला होता.

“बरोबरीला होतास.”

“पुढं नव्हतो, बाबू.”

“नव्हतास. पण नियमात बरोबरीलाही ऑफसाइडच. मागे राहावं लागतं.”

“तुमी सांगला नाय.”

श्यामकांतने चिंचेकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. शिपाई ती उचलून नेत होता.

खेळ पुन्हा सुरू झाला. लक्ष्या एक पाऊल मागे सरला. बॅककडे पाहिलं. आणखी एक पाऊल. मग मोजणं सोडून मागे मागे, श्यामकांतच्या मागे, स्वतःच्या गोलकीपरच्याही मागे, रेघेबाहेर. नवशी आली. तिने विळा पुढे केला. त्याने घेतला.

शिट्टी वाजली नाही.