दोनशे ग्रॅम सूप

मागच्या ट्रेकला बाबांनी दिलेली सूपची काचेची बरणी लेकीने दारातूनच परत केली होती. “बाबा, हे ओझं मला वाहायचंय पाठीवर!” कारखान्याच्या कँटीनमध्ये चारशे कामगारांना जन्मभर जेवू घालणाऱ्या बाबांना ते फार लागलं. पण गप्प बसतील तर ते बाबा कसले! यंदा दोन किलो टोमॅटो आणि मूठभर मसूर शिजवून तेच सूप त्यांनी परातीत पातळ पसरलं, चार दिवस उन्हात वाळवलं आणि कुटलं. लेक दर दिवसाचा शिधा काट्यावर तोलत असताना त्यांनी पुडी पुढे सरकवली. “फक्त दोनशे ग्रॅम?” तिने चमचाभर भुकटी गरम पाण्यात ढवळून घोट घेतला. मग शेवटच्या चढाईसाठीचं विकतचं पाकीट बाजूला टाकलं आणि पुडीवर लिहिलं: ‘शिखर’. दोन जिन्यांत दहादा टेकणारे बाबा शेजाऱ्यांना सांगत सुटले, “रविवारी आम्ही शिखरावर जेवतोय.”