पाठमोरा इसम

ऋजुताच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. असो, ते झालंच नाही असं धरून चालू.

शुक्र आणि गुरू गुहागरच्या समुद्रावर शेजारी शेजारी येणार, त्यांचा फोटो आम्ही दोघांनी मिळून काढायचा, हे आमच्या साखरपुड्यालाच ठरलं होतं. त्या दुपारी तिचा फोन आला, "ताप आहे रे. तू जाऊन ये."

मी एकटा गेलो. ग्रह वेळेवर आले. माझे सगळे फोटो मात्र हलले, कारण दर पाच मिनिटांनी मी तिला 'गोळी घेतलीस का' असं विचारत होतो.

प्रदर्शनात तिचा फोटो पाहिला. वर शुक्र आणि गुरू, खाली समुद्र, आणि मधे माझं ठिगळाचं जाकीट घालून एक पाठमोरा माणूस मोबाइलवर काहीतरी टाइप करत उभा.

"तुला ताप होता ना?"

"ऑफिसातल्या परागच्या गाडीत बसल्यावर उतरला," ती म्हणाली. "पण तू काय मस्त आलायस."

आयोजकांना मी रीतसर अर्ज दिलाय: सदर छायाचित्रातील पाठमोऱ्या इसमास एकदा मागे वळून पाहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.