ट्रंकेवरचं नाव

आबा अंगणात उकिडवे बसून तिच्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेवरची पांढरी अक्षरं खरवडत होते. रेवतीनं ते खिडकीतून पाहिलं. आपण पुरुष नाही, बाई आहोत, हे तिनं पलटणीत सांगितलं आणि नोकरी गेली. तेव्हापासून ट्रंक माळ्यावर धूळ खात पडली होती. आता आबा ती भंगारात घालणार, असंच तिला वाटलं.

आबा स्वतः निवृत्त हवालदार. फौजेत निघालेल्या पोराच्या ट्रंकेवर नाव बापानंच रंगवायचं, ही गावची रीत. तिचं जुनं नाव त्यांनीच रंगवलं होतं. नवं मात्र त्यांच्या तोंडून एकदाही आलं नव्हतं.

तासाभरानं ती चहा घेऊन बाहेर आली, तर ट्रंकेवर 'शिपाई रेवती निकम' ही अक्षरं ओली चमकत होती. खालच्या फौजी नंबराला त्यांनी हात लावला नव्हता.

"आबा, कोर्टाचा निकाल लागायचाय अजून," ती कशीबशी म्हणाली. "परत घेतील, न घेतील."

आबांनी ब्रश रॉकेलच्या डबीत बुडवला.

"लागू दे की, पोरी. रंगालाबी वाळाय वेळ लागतोच."